यीस्टची म्हातारी पेशी मोठी का असते? : वाचकांचे प्रश्न

मागील अंकातील किण्वनावरच्या लेखात ‘यीस्टची एक पेशी साधारण वीस ते तीस कलिका देते आणि मग मरते’ असे एक वाक्य ओघात आले होते. लेखाचा विषय पीठ आंबण्याचा होता, पण पत्रे आली ती बहुतेक या एका वाक्यावर. लातूर, धाराशिव, परभणी, नांदेड आणि बीड या जिल्ह्यांतील वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांचा रोख जवळपास एकच असल्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : मी बी.एस्सी. तृतीय वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. यीस्टची मातृपेशी प्रत्येक कलिकेनंतर थोडी मोठी होत जाते, असे आमच्या टिपणांत आहे. सर, ती म्हातारी होते म्हणून मोठी होते, की मोठी होते म्हणून म्हातारी होते? (औसा, जि. लातूर)

उत्तर : आपण प्रश्न अगदी नेमका विचारला आहे. या विषयात काम करणारे शास्त्रज्ञ साठहून अधिक वर्षे हाच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी तपासत आले आहेत, त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो.

प्रथम यीस्टचे आयुष्य कसे मोजतात ते पाहू. पाव-बिस्किटांसाठी आणि मद्यार्कासाठी वापरले जाणारे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हे यीस्ट दोन समान तुकडे होऊन वाढत नाही. मातृपेशीच्या अंगावर एक कलिका फुटते, वाढते आणि वेगळी होते. वेगळी झालेली कन्यापेशी आईपेक्षा लहान असते, त्यामुळे कोण आई आणि कोण लेक हे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येते. याचाच उपयोग करून रॉबर्ट मॉर्टिमर आणि जॉन जॉन्स्टन यांनी १९५९ साली एकेका पेशीचे आयुष्य मोजले आणि ते ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. आगर या शेवाळापासून केलेल्या जेलीसारख्या माध्यमाच्या पातळ थरावर एक कोवळी पेशी ठेवायची, सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावर लक्ष ठेवायचे, कलिका पूर्ण वाढली की काचेच्या अत्यंत बारीक सुईने ती अलगद बाजूला सारायची आणि वहीत एक रेघ ओढायची. तीस अंश तापमानात साधारण दीड-दोन तासांनी पुढची कलिका येते, म्हणजे पुन्हा सुई, पुन्हा रेघ. आजही ही पद्धत वापरणाऱ्या प्रयोगशाळांत रात्री झोपण्यापुरती ती बशी शीतकपाटात ठेवतात, म्हणजे पेशींचे काम थांबते आणि सकाळी तेथूनच पुढे मोजता येते. पेशी कलिका देणे कायमचे थांबवते तेव्हा वहीतील रेघांची संख्या हे तिचे आयुष्य. प्रयोगशाळेतील नेहमीच्या वाणांत ही संख्या सरासरी पंचवीसच्या आसपास भरते. वसाहत कितीही काळ वाढवत ठेवता येते म्हणून यीस्टला मरण नाही, असा जो समज होता तो या मोजणीने गेला. वसाहत टिकते, पण तिच्यातील प्रत्येक आई मरते.

त्या वेळेपासूनच एक गोष्ट सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. कलिका देता देता आई मोठी होत जाते. याचे कारण समजण्यास कठीण नाही. पेशीभित्ती टणक असते, कलिकेची भित्ती बहुतांशी नव्याने तयार होते आणि आईची जुनी भित्ती आईकडेच राहते. पुढची कलिका सुरू होण्याआधी आई थोडी वाढते, मात्र ही वाढ परत घेण्याचा मार्ग तिच्याकडे नाही. प्रत्येक खेपेची थोडीशी भर साठत जाते आणि आयुष्याच्या अखेरीस तिचे घनफळ आरंभीच्या कित्येक पट झालेले असते. म्हणजे वय आणि आकार हे दोन्ही एकत्रच वाढतात, आणि आपल्या प्रश्नातली खरी अडचण येथेच आहे. ज्या दोन गोष्टी नेहमी बरोबर वाढतात त्यांपैकी कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे नुसत्या निरीक्षणाने कधीच ठरत नाही. ते ठरवायचे तर दोहोंची फारकत करावी लागते. वय वाढू न देता आकार वाढवून पाहावा लागतो, किंवा आकार आवरून वय वाढू द्यावे लागते.

आकारच आयुष्याला मर्यादा घालतो, असा पक्ष पोलंडमधील जेशूफ येथील तोमाश बिलिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात हिरिरीने मांडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की पेशीला घनफळाची एक वरची मर्यादा आहे, प्रत्येक कलिकेमागे ती त्या मर्यादेकडे सरकते, आणि म्हणून जी पेशी आरंभी लहान असते किंवा दर खेपेला कमी वाढते ती अधिक कलिका देऊ शकते. या पक्षात भूमितीचा एक साधा आधार आहे. पेशीचा व्यास दुप्पट झाला की पृष्ठभाग चौपट होतो, पण घनफळ आठपट होते. अन्न आत घेणे आणि निरुपयोगी द्रव्ये बाहेर टाकणे हे सर्व पृष्ठभागातूनच होत असल्यामुळे मोठ्या पेशीची ओढाताण होणे स्वाभाविक आहे. टेक्सासमधील ब्रँट श्नायडर यांच्या गटानेही २०११ साली याच बाजूचा पुरावा दिला. पेशीचा आकार आणि वाढीचा वेग हे आयुष्य ठरवणारे प्रमुख घटक आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

विरोधी पक्षही तितकाच ठाम होता. २०१२ साली मॅट केबरलाइन यांनी बिलिन्स्की यांच्या मताला लेखी उत्तर दिले आणि हा वाद यीस्ट-संशोधनाच्या नियतकालिकांत उघडपणे झाला. आक्षेपाचा गाभा माझ्या मते आजही विचार करण्याजोगा आहे. एससीएच-९ नावाचे जनुक काढून टाकले तर यीस्टच्या पेशी फार लहान होतात आणि जास्त जगतातही. माध्यमातील ग्लुकोज दोन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणले तरी आयुष्य वाढते. परंतु या दोन्ही प्रकारांत पेशीतील प्रथिने बनवण्याचे कामच मंदावलेले असते. मग आयुष्य वाढले ते पेशी लहान झाल्यामुळे, की प्रथिननिर्मितीचा भार हलका झाल्यामुळे? लहान आकार आणि दीर्घ आयुष्य ही दोन्ही एकाच तिसऱ्या कारणाची फळे असू शकतात. लहान पेशींचे दीर्घायुष्य दाखवणारा कोणताही प्रयोग वाचताना हा प्रश्न मनाशी जरूर ठेवावा.

म्हणूनच २०१९ साली गॅब्रिएल नॉयरोर, अँगेलिका अमोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एमआयटी येथून ‘सेल’ नियतकालिकात प्रसिद्ध केलेले काम मला विशेष मोलाचे वाटते. त्यांनी उलटा मार्ग घेतला. कोवळ्या पेशींचे विभाजन त्यांनी अडवून धरले, पण वाढ चालू ठेवली. विभाजन होत नसल्यामुळे या पेशींनी कलिका दिल्याच नव्हत्या. त्या दृष्टीने त्यांचे वय शून्य होते, मात्र आकार अवाढव्य झाला होता. अडवणूक काढल्यावर या पेशी नीट सावरल्या नाहीत. त्यांचे विभाजनचक्र रेंगाळले, गरजेची जनुके वेळेवर चालू होईनात, आणि पुष्कळ पेशी पुढे वाढूच शकल्या नाहीत. म्हाताऱ्या पेशीची अनेक लक्षणे वय नसलेल्या पेशीत दिसली. याहून महत्त्वाची होती ती जोडीची चाचणी. दुसऱ्या एका गटातील पेशींचे विभाजन तितकाच वेळ अडवले, पण त्याच वेळी त्यांची वाढही रोखून त्यांना लहान ठेवले. त्या पेशी बऱ्याच अंशी सुखरूप राहिल्या. तेव्हा दोष अडवून ठेवण्याचा नव्हता, फुगण्याचा होता, हे या जोडीने दाखवून दिले.

मग मोठ्या पेशीत बिघडते काय? याच गटाच्या मते मूळ अडचण डीएनएची आहे. पेशी कितीही वाढली तरी तिच्यातील डीएनए तेवढाच राहतो. एक आड असलेली वाडी वाढत वाढत दहापट झाली आणि आड मात्र एकच राहिला, तर पोहऱ्याचा वेग वाढवून काही दिवस भागते, पण एका टप्प्यानंतर घरोघरचे रांजण अर्धेच भरतात. पेशीचे तसेच होते. आकार वाढतो तसे डीएनएवरून आरएनए, म्हणजे प्रथिने बनवण्यासाठी लागणारी प्रत, उतरवण्याचे काम काही काळ त्या प्रमाणात वाढते, परंतु पुढे ते अपुरे पडू लागते. आरएनए आणि प्रथिने आकाराच्या प्रमाणात तयार होत नाहीत, पेशी मात्र पाणी घेऊन फुगत राहते, आणि पेशीद्रव्य अक्षरशः पातळ होते. ज्या क्रिया रेणूंच्या दाटीवर अवलंबून असतात त्या सगळ्याच मग ढिल्या पडतात.

यातून एक जुने कोडेही बरेचसे सुटते. गुणसूत्रांचे दोन संच असलेली द्विगुणित यीस्ट पेशी एक संच असलेल्या पेशीच्या जवळपास दुप्पट घनफळाची असते. आकार हेच आयुष्याचे माप असते तर द्विगुणित पेशीचे आयुष्य ठळकपणे कमी भरायला हवे होते, परंतु तसे आढळत नाही. पेशी दुप्पट असली तरी तिचा डीएनएही दुप्पट असतो, हे लक्षात घेतले की यात विसंगती राहत नाही. नॉयरोर आणि अमोन यांच्या प्रयोगांतही डीएनएचा साठा जास्त असलेल्या पेशींनी वाढलेला आकार अधिक चांगला सोसला. तेव्हा किती मायक्रोमीटर हा प्रश्न अपुरा आहे. आपल्या डीएनएच्या मानाने पेशी किती मोठी झाली, हे विचारले पाहिजे.

आता आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर देतो. सामान्य मातृपेशी वय वाढते म्हणून मोठी होते, कारण प्रत्येक कलिकेमागे तिच्यात भर पडते. पण एका मर्यादेपलीकडे गेलेला तो आकार स्वतःच नवे बिघाड निर्माण करतो आणि म्हातारपण पुढे ढकलण्याऐवजी जवळ आणतो. म्हणजे आकार हा आरंभी परिणाम आहे आणि पुढे कारण होतो. मात्र तो एकटाच कारण आहे असे परीक्षेत लिहू नये. बाराव्या गुणसूत्रावर रायबोसोमच्या (प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या) आरएनएसाठी लागणाऱ्या जनुकाच्या शंभराहून अधिक प्रती ओळीने असतात. त्यांतून सुटून आलेली डीएनएची कडी आईच्या केंद्रकात साठत जातात, हे डेव्हिड सिंक्लेअर आणि लिओनार्ड ग्वारेंटे यांनी १९९७ साली दाखवले. ही कडी कमी करणारा बदल, उदाहरणार्थ फॉब-१ हे जनुक काढणे, आयुष्य वाढवतो. अॅडम ह्यूज आणि डॅनियल गॉटश्लिंग यांनी २०१२ साली दाखवले की आईच्या रिक्तिकेतील, म्हणजे पेशीतील द्रवाने भरलेल्या पिशवीतील, आम्लता आयुष्याच्या सुरुवातीच्या भागातच कमी होऊ लागते आणि त्याचा फटका पुढे पेशीला ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिकांना बसतो. शिवाय सगळ्या पेशी एकाच वाटेने मरत नाहीत. एकाच वाणाच्या, एकाच माध्यमात वाढवलेल्या पेशींतही म्हातारपणाच्या दोन वेगळ्या वाटा दिसतात, आणि कॅलिफोर्नियातील नान हाओ यांच्या गटाने जनुकीय फेरफार करून पेशीला या दोन वाटांमध्ये आळीपाळीने झुलत ठेवले, तेव्हा आयुष्य ८२ टक्क्यांनी वाढले. हे काम २०२३ सालचे आहे. केवळ आकारावर सगळे म्हातारपण बसवता आले असते, तर असा प्रयोग सुचण्याचे कारणच नव्हते.

प्रश्न : मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत काम करतो. आमच्याकडे मळीच्या किण्वनासाठी तेच यीस्ट पुन्हा पुन्हा वापरले जाते. काही आठवड्यांनी त्याचा जोर कमी होतो. आपल्या लेखाप्रमाणे ते यीस्ट म्हातारे झाले असे समजावे का? (धाराशिव जिल्हा)

उत्तर : तसे समजू नये, आणि त्याचे कारण साध्या हिशोबात आहे. वाढत्या यीस्टमध्ये कोणत्याही क्षणी निम्म्याहून थोड्या अधिक पेशी अशा असतात की ज्यांनी अद्याप एकही कलिका दिलेली नाही. सुमारे एक चतुर्थांश पेशींनी एक कलिका दिलेली असते, एक अष्टमांश पेशींनी दोन, आणि असेच पुढे दर पायरीला निम्मे. या हिशोबाने वीस कलिका दिलेली पेशी सुमारे एकवीस लाखांत एक सापडते. आपल्या टाकीत पेशींची एकूण संख्या प्रचंड असल्यामुळे अशा म्हाताऱ्या पेशीही संख्येने पुष्कळ असतील, पण मद्यार्क तयार करण्याच्या कामात त्यांचा वाटा नगण्य असतो. संशोधकांनाही म्हणूनच म्हाताऱ्या पेशी गोळा करणे फार अवघड जाते. कोवळ्या पेशींच्या भित्तीला खूण म्हणून बायोटिन हे जीवनसत्त्व चिकटवायचे, त्यांना वाढू द्यायचे, आणि जुनी भित्ती आईकडेच राहत असल्यामुळे बायोटिन असलेल्या मूळ आयाच तेवढ्या चुंबकीय मण्यांनी वेचून काढायच्या, अशी युक्ती त्यांना योजावी लागते.

टाकीतील यीस्टचा जोर कमी होण्याची कारणे वेगळी असतात. वाढलेला मद्यार्क, आम्लता, मळीतील क्षार आणि सोबत वाढणारे जिवाणू यांचा ताण सर्व वयांच्या पेशींवर पडतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, बाहेर बेचाळीस अंश असताना, टाकीला पुरेसे थंड पाणी मिळाले नाही तर तापमान पस्तिशीच्या पुढे जाऊन पेशी मरू लागतात, याचा अनुभव आपल्याला असेलच. जोर कमी झाला की प्रथम मृत पेशींना निळे करणाऱ्या मेथिलीन ब्लू या रंगाने मृत पेशींचे प्रमाण पाहावे आणि जिवाणूंची तपासणी करावी.

एका गोष्टीची मात्र दखल घ्यावी. मोठ्या आणि जुन्या पेशी तळाशी लवकर बसतात, आणि बिअर उद्योगात या विषयावर काळजीपूर्वक अभ्यास झालेला आहे. गाळातून यीस्ट परत घेताना नेहमी सर्वांत खालचाच थर घेतला जात असेल, तर जुन्या पेशींचे प्रमाण आणि त्याबरोबर मृत पेशी व कचरा वाढण्याचा संभव असतो. तेव्हा कोणता थर घेतला जातो ते एकदा विचारून घ्यावे.

प्रश्न : लहान पेशी जास्त जगते, तर लहान चणीची माणसे जास्त जगतात असे म्हणता येईल का? मी निवृत्त शिक्षक आहे आणि आमच्या कट्ट्यावर या विषयावर बरीच चर्चा झाली. (परभणी)

उत्तर : गुरुजी, असा अर्थ काढता येणार नाही. यीस्ट एकाच पेशीचे असते, त्यामुळे तेथे पेशीचा आकार हाच जिवाचा आकार. माणसाच्या शरीराचा आकार मुख्यतः पेशींच्या संख्येवर ठरतो. हत्तीच्या यकृताची पेशी उंदराच्या यकृताच्या पेशीपेक्षा हत्तीच्या पटीत मोठी नसते, आणि हत्ती उंदरापेक्षा कितीतरी अधिक जगतो. कुत्र्यांत मोठ्या जाती लहान जातींपेक्षा कमी जगतात हे खरे, पण त्यामागे वाढीच्या संप्रेरकांची वेगळी कथा आहे.

यीस्टशी खरे साम्य दिसते ते माणसाच्या पेशीशी. लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ साली दाखवले की काचपात्रात वाढवलेल्या माणसाच्या पेशी ठरावीक वेळा विभागून थांबतात. अशा थांबलेल्या पेशी मोठ्या आणि पसरट होतात, हे पुढे सगळीकडे आढळले. मघाशी सांगितलेल्या २०१९ च्या कामात माणसाच्या पेशीही तपासल्या होत्या आणि त्यांतही अतिवाढीचा असाच परिणाम दिसला. २०२१ साली अमोन यांच्या प्रयोगशाळेतील येट्टे लेंगेफेल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या रक्त बनवणाऱ्या मूळपेशींवर काम केले. मोठ्या झालेल्या मूळपेशी रक्त नव्याने तयार करण्यात कमी पडतात, आणि त्यांना मोठे होऊ दिले नाही तर त्यांची क्षमता टिकते, असे त्यांत आढळले. अमोन यांचे २०२० साली वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी निधन झाले, त्यामुळे हे प्रसिद्ध झालेले त्यांना पाहता आले नाही. यीस्टवर आयुष्य घालवलेल्या संशोधकाचा प्रश्न रक्तापर्यंत पोहोचला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

प्रश्न : म्हाताऱ्या आईची शेवटची लेक जन्मतःच म्हातारी असते का? तसे असेल तर काही पिढ्यांत सगळे यीस्ट संपायला हवे होते. (नांदेड)

उत्तर : बहुतेक लेकी कोवळ्याच जन्मतात. आईचे वय कितीही असले तरी तिच्या आयुष्याच्या बऱ्याच भागात होणाऱ्या लेकी संपूर्ण आयुष्य घेऊन येतात. डीएनएची कडी, बिघडलेली आणि गोळा झालेली प्रथिने, पेशीपटलावरील काही जुने पंप ही सगळी अडगळ आई स्वतःकडे ठेवते. बिघडलेली प्रथिने आईकडेच राहतात हे थॉमस न्यूस्ट्रॉम यांच्या गटाने २००३ साली दाखवले. प्रत्येक लेक लहान जन्मत असल्यामुळे आकाराचा हिशोबही तिच्यासाठी पुन्हा आरंभापासून सुरू होतो. कोवळी लेक जन्मल्याबरोबर कलिका देत नाही, आधी पुरेशी वाढते. व्हि-५ नावाचे प्रथिन विभाजनाला अटकाव करते, आणि पेशी वाढते तसे ते पातळ होत जाऊन अटकाव सुटतो, असे यान स्कोथाइम यांच्या गटाने २०१५ साली दाखवले आहे. आईला असे थांबावे लागत नाही, कारण ती आधीच पुरेशी मोठी असते.

परंतु आई अगदी अखेरीला पोहोचली की ही वाटणी बिघडते. ब्रायन केनेडी, निकानोर ऑस्ट्रियाको आणि ग्वारेंटे यांनी १९९४ साली हे तपासले. फार म्हाताऱ्या आईच्या लेकी कमी आयुष्याच्या निघाल्या. त्यांतल्या काही जन्मतःच जवळपास आईएवढ्या मोठ्या होत्या, म्हणजे आई-लेकीतील आकाराचा फरकच नाहीसा झाला होता. आपण काढलेली शंका त्यांनाही आली असावी, कारण त्यांनी पुढची पिढीही मोजली. अशा लेकींच्या लेकींच्या लेकींपर्यंत जाता आयुष्य पुन्हा पूर्ववत झाले. आईने एकदा दिलेला वारसा कायमचा चिकटत नाही, दोन-तीन पिढ्यांत तो विरतो. अशा अखेरच्या आया वीसेक लाखांत एखादीच असते हेही वर पाहिलेच, त्यामुळे वसाहतीला त्यांच्यामुळे धोका नाही. बीजाणू तयार करताना तर पेशी याहून पुढे जाते. एलचिन उनाल आणि अमोन यांनी २०११ साली दाखवले की म्हाताऱ्या पेशीने बीजाणू दिले तर त्यांतून निघणाऱ्या पेशी संपूर्ण कोवळ्या असतात.

प्रश्न : आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात साधे सूक्ष्मदर्शक आहेत. यीस्टचा आकार आणि वय यांचा संबंध विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवता येईल का? (अंबाजोगाई, जि. बीड)

उत्तर : आकार उत्तम दाखवता येईल, वय मात्र साध्या सूक्ष्मदर्शकात दिसणार नाही. प्रत्येक कलिका तुटते तेथे आईच्या भित्तीवर कायटिनचे एक वर्तुळाकार वळ राहते. कॅल्कोफ्लोर या रंगाने आणि प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाने पाहिले की अंधारात निळी कडी चमकतात, आणि ती मोजली की पेशीचे वय समजते. नवी कलिका जुन्या वळावर पुन्हा येत नाही, ती शेजारी किंवा दुसऱ्या टोकाला येते, म्हणून मोजणी शक्य होते. अशा सूक्ष्मदर्शकाची सोय आपल्या जवळच्या विद्यापीठाच्या विभागात असू शकते, आधी पत्र पाठवून विद्यार्थ्यांसह एक दिवस जाणे शक्य असल्यास जरूर जावे.

महाविद्यालयात करता येईल असा प्रयोग पुढीलप्रमाणे. बाजारातील कोरडे यीस्ट चिमूटभर कोमट पाण्यात भिजवावे आणि गुळाच्या पातळ, उकळून थंड केलेल्या द्रावणात घालावे. दोन-तीन तासांत कलिका दिसू लागतात. काचपट्टीवर एक थेंब आणि सौम्य मेथिलीन ब्लूचा एक थेंब घ्यावा. मृत पेशी निळ्या होतात, जिवंत पेशी रंगहीन राहतात. शंभरपट वस्तुभिंगाखाली तेल घालून पाहावे, कारण चाळीसपट वस्तुभिंगात नेत्रिकेतील मापपट्टीचे दोनच भाग एका पेशीला येतात आणि मोजमाप ढोबळ होते. पट्टीचे मूल्य आधी काचपट्टीवरील मापाशी जुळवून घ्यावे. पेशी लंबगोल असल्यामुळे लांबी गुणिले रुंदीचा वर्ग गुणिले ०.५२ केले की घनफळ येते. निम्म्या विद्यार्थ्यांनी ताज्या वाढत्या द्रावणातील आणि निम्म्यांनी दोन दिवस ठेवलेल्या, अन्न संपलेल्या द्रावणातील पेशी मोजाव्यात. दोन्हींतील सरासरी घनफळात आणि कलिका असलेल्या पेशींच्या प्रमाणात फरक दिसेल, आणि पेशीचा आकार अन्नावर किती अवलंबून असतो हे मुलांना स्वतःच्या आकड्यांतून समजेल.

एका गैरसमजाबद्दल त्यांना आधीच सावध करावे. दृश्यातील सर्वांत मोठी पेशी हीच सर्वांत म्हातारी, असे ते म्हणू लागतील. दोनशे पेशी मोजल्या तर त्यांत सात किंवा अधिक कलिका दिलेल्या पेशी एक-दोनच असण्याचा संभव आहे, आणि वीस कलिका दिलेली पेशी बहुधा एकही नसेल. शिवाय बेकरीच्या यीस्टमध्ये गुणसूत्रांचे एकाहून अधिक संच असतात, त्यामुळे त्याच्या कोवळ्या पेशीही प्रयोगशाळेतील एक संचाच्या पेशींपेक्षा मोठ्या भरतात. कलिका जोडलेली असेल तर फक्त आईची लांबी-रुंदी मोजावी, कलिकेची वेगळ्या स्तंभात नोंदवावी, आणि रिक्तिका फार मोठी दिसत असेल तर तसा शेरा लिहावा, कारण त्या पेशीचे वाढलेले घनफळ बरेचसे रिक्तिकेतील पाण्याचे असू शकते.